स्टार वॉर्स बघायचंय? मग 'भाग एक'पासून सुरुवात करू नका

गेल्या उरसाला कागलला मावशीकडं गेलो होतो. रात्री जेवणं झाली आणि मावसभाऊ गच्चीवर मोबाईल घेऊन बसला. पोरगा पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. शिफ्ट संपवून घरी आला की झोपेपर्यंत काहीतरी बघत बसायचं, हा त्याचा रोजचा कार्यक्रम.

मला म्हणाला, "दादा, ते स्टार वॉर्स म्हणजे नुसती हवा आहे बघ. चाळीस मिनिटं बघितलं. कर काय, व्यापार काय, संसद काय. झोप लागली मला."

मी विचारलं, "सुरुवात कुठून केलीस?"

"कुठून म्हणजे? भाग एकपासनं. शहाण्या माणसानं अजून कुठनं करायची?"

त्याचं म्हणणं बरोबरच होतं. 'एपिसोड १' असं लिहिलेलं दिसलं की माणूस तिथंच बोट ठेवणार. पण गंमत अशी आहे की स्टार वॉर्समध्ये एक नंबरचा सिनेमा पहिला नाही, चौथा आहे. आणि चार नंबरचा सिनेमा पहिला आहे. एवढी एक गोष्ट माहिती नसल्यामुळं कितीतरी लोक या मालिकेच्या दारातूनच परत जातात आणि वर "आपल्यासाठी नाही ते" असं ठरवून टाकतात.

भावाचं दुखणं वेगळंच होतं. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यात शिकून आलेले इंजिनियर काळ्या मुखवट्यावाल्याचे मीम टाकतात, सगळे हसतात. "मला कळत नाही, पण मी पण हसतोय," म्हणाला.

तर आकड्यांचा हा घोळ झाला कसा ते आधी बघू.

२५ मे १९७७ ला अमेरिकेत जॉर्ज लुकास नावाच्या दिग्दर्शकाचा एक सिनेमा आला. नाव होतं फक्त 'स्टार वॉर्स'. त्यावर ना एपिसोड लिहिलेला होता, ना नंबर. सिनेमा इतका चालला की त्याला सहा ऑस्कर मिळाले आणि शिवाय एक खास पुरस्कार. १९८० ला पुढचा सिनेमा आला, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'. तो सुरू झाला आणि पडद्यावर वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या अक्षरांत लोकांना दिसलं, 'एपिसोड ५'. लोक चक्रावले. कालपर्यंत दुसरा असलेला सिनेमा एकदम पाचवा कसा झाला? मग १९८१ ला पहिला सिनेमा पुन्हा थिएटरात लावला, तेव्हा त्याच्या सुरुवातीला 'एपिसोड ४, अ न्यू होप' अशी पाटी चिकटवली गेली. म्हणजे बारसं झालं पोरगं चार वर्षांचं झाल्यावर. १९८३ ला 'रिटर्न ऑफ द जेडाय' म्हणजे सहावा भाग आला आणि गोष्ट संपली.

ही नंबरांची हौस आली कुठून? लुकास लहानपणी टीव्हीवर 'फ्लॅश गॉर्डन'सारख्या जुन्या अंतराळातल्या मालिका बघायचा. त्या मूळच्या १९३० च्या दशकातल्या, थिएटरात दर आठवड्याला एक तुकडा दाखवायचे आणि सुरुवातीला मागं काय घडलं ते पाटीवर सरकत यायचं. त्याला आधी फ्लॅश गॉर्डनवरच सिनेमा करायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यानं स्वतःची गोष्ट रचली. ती पिवळी अक्षरं आणि ते एपिसोड त्याच जुन्या मालिकांची आठवण आहेत. आपण एका मोठ्या गोष्टीच्या मधल्याच तुकड्यात येऊन बसलोय, असं बघणाऱ्याला वाटावं, हा त्यातला डाव.

मग सोळा वर्षं शांतता. १९९९, २००२ आणि २००५ ला लुकासनं आधीच्या पिढीची गोष्ट सांगणारे तीन सिनेमे काढले, तेच एक, दोन आणि तीन. २०१२ ला त्यानं आपली कंपनी चार अब्ज डॉलरच्या वर किमतीला डिस्नेला विकली आणि डिस्नेनं २०१५, २०१७ आणि २०१९ ला सात, आठ, नऊ काढले. मधे २०१६ ला 'रोग वन' आणि २०१८ ला 'सोलो' असे दोन सुटे सिनेमे. सगळे अकरा बसून बघायचे म्हटले तर पंचवीस तास लागतात. वेब सिरीज आणि कार्टून वेगळीच, त्यांचा हिशोब आज नको.

आता मुद्द्याचं. कुठून सुरू करायचं?

१९७७ पासून. म्हणजे ॲपवर 'एपिसोड ४' दिसेल तिथून. मग पाच, मग सहा. एक, दोन, तीन त्यानंतर.

भावाला हे पटेना. "मधनंच कसं सुरू करायचं? आधीचं काय झालं ते कळायला नको?"

मी त्याला त्याच्याच गावाचं उदाहरण दिलं. कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. उद्या एखादा माणूस बदली होऊन इथं आला आणि त्यानं गैबी चौकात चहा पिता पिता विचारलं की बाबांनो, तुमच्या गावचं राजकारण काय आहे, तर त्याला कुणी १९५२ च्या निवडणुकीपासून सांगत बसतं का? आधी सांगतात की २०२४ ला हसन मुश्रीफ आणि समरजित घाटगे यांच्यात लढत झाली, मुश्रीफ निवडून आले. ऐकणाऱ्याला दोन्ही बाजू कळतात. मग तोच विचारतो, हे गट पडले कधी? तेव्हा सदाशिवराव मंडलिकांचं नाव निघतं. मुश्रीफ एकेकाळी त्यांचेच शिष्य म्हणून ओळखले जायचे, पुढं दोघांचं फाटलं, २००९ ला मंडलिक अपक्ष उभं राहून लोकसभा जिंकले, हे सगळं तेव्हा सांगितलं जातं. आणि तोपर्यंत ऐकणारा कान टवकारून बसलेला असतो, कारण प्रश्न त्याला पडलेला असतो. तेच तुम्ही १९५२ पासून सुरू केलंत तर चहा संपायच्या आत तो माणूस एसटी स्टँडकडं निघून जाईल.

एपिसोड १ नेमकं तेच करतो. त्याच्या सुरुवातीच्या पिवळ्या अक्षरांत चक्क व्यापारी मार्गांवरच्या कराचा वाद आहे! आता कर्नाटकाच्या हद्दीवर राहणाऱ्या, नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा बघत मोठ्या झालेल्या माणसाला नाका आणि कर यांचं काय अप्रूप असणार? तो वाद महत्त्वाचा आहे, पुढं त्यातूनच सगळं साम्राज्य उभं राहतं. पण कुठलं साम्राज्य, कुणाचं, त्यानं कुणाचं काय बिघडवलं, हे ज्यानं अजून बघितलेलंच नाही त्याला त्या करात रस का वाटावा?

१९७७ चा सिनेमा कुठं सुरू होतो बघा. एका मोठ्या जहाजानं एका छोट्या जहाजाचा पाठलाग चालवलाय. छोट्या जहाजातून दोन रोबो निसटतात आणि एका वाळवंटी ग्रहावर पडतात. तिथं एका शेतकऱ्याच्या घरी ल्यूक नावाचा पोरगा आहे. काका-काकूंकडं वाढलेला. शेती कसली, तर हवेतली ओल गोळा करून पाणी काढायची. पोराला गाव सोडून शिकायला जायचंय. काका म्हणतो, एवढा हंगाम होऊ दे, मग जा. हे तो दरवर्षी म्हणतोय. पोरगा चिडून घराबाहेर येतो आणि मावळतीकडं बघत उभा राहतो. त्या ग्रहाला दोन सूर्य आहेत.

कागलच्या माणसाला हे प्रकरण समजावून सांगायची गरज आहे का? आनंद यादव याच गावचे. त्यांच्या 'झोंबी'तलं पोरगं शाळेसाठी बापाशी झगडतं आणि बाप त्याला शेतात ओढतो. ती झोंबी खऱ्या आयुष्यातली आहे, त्यातली उपासमार आणि मार हे काही अंतराळातलं नाही, त्यामुळं दोन्हीची बरोबरी करत नाही. पण रानात राबणारं पोरगं आणि त्याच्या डोळ्यांसमोरचं लांबचं क्षितिज, एवढं एक दार दोन्हीकडं सारखं आहे. त्या दारातून तुम्ही आत शिरलात की पुढचे रोबो, लेझरच्या तलवारी आणि केसाळ प्राणी आपोआप पचतात.

यादवांवरून आठवलं. त्यांच्या आत्मकथेचेही चार भाग आहेत, 'झोंबी', 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल'. तिथं कुठून सुरू करायचं हा प्रश्नच येत नाही, कारण जे आधी घडलं तेच आधी लिहिलं. घडल्याचा क्रम आणि सांगितल्याचा क्रम एकच. स्टार वॉर्समध्ये हे दोन क्रम वेगळे आहेत, आणि अशा वेळी सांगणाऱ्याच्या क्रमानं जावं, कारण कुठली गोष्ट लपवायची आणि कुठली कधी उघडी करायची हे त्यानं त्या क्रमात ठरवलेलं असतं.

आणि लपवलेली गोष्ट खरोखर आहे. १९८० च्या सिनेमात शेवटाकडं एक वाक्य येतं. ते मी इथं सांगणार नाही. ते वाक्य फुटू नये म्हणून शूटिंगच्या वेळी स्क्रिप्टमध्ये खोटंच वाक्य घातलं होतं. मुखवट्याच्या आत जो नट उभा होता त्यालाही खरं वाक्य माहिती नव्हतं, त्यानं खोटंच म्हटलं. ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलला शॉटच्या थोडं आधी कानात सांगितलं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात डब करून घातलं. एवढा आटापिटा ज्या एका क्षणासाठी केला, तो क्षण एक, दोन, तीन आधी बघणाऱ्याला मिळतच नाही. त्याला सगळं आधीच माहिती झालेलं असतं. ल्यूकच्या तोंडावरचे भाव बघून तो म्हणतो, "याला एवढं काय झालं?"

बरं, हे वाक्य आज मीममधून, टी-शर्टवरून, कुठल्यातरी कॉमेडी शोमधून तुमच्यापर्यंत आधीच पोचलेलं असू शकतं. असेल तर हरकत नाही, तरीही याच क्रमानं बघा. पण नसेल पोचलं, तर पहिले दोन सिनेमे होईपर्यंत यूट्यूबवर स्टार वॉर्स शोधू नका. तिथं थंबनेलवरच सगळं लिहिलेलं असतं.

१९७७ चा सिनेमा जुना आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. पहिला अर्धा तास संथ आहे. ल्यूक पडद्यावर यायलाच वेळ लागतो, तोपर्यंत ते दोन रोबोच भांडत फिरत असतात. एक उंच, सोनेरी आणि सतत घाबरलेला, दुसरा बुटका आणि नुसता शिट्ट्या मारणारा. लोकांना इथं कंटाळा येतो. पण तमाशातला वग बघितला असेल तर ही जोडी लगेच ओळखू येईल. राजाची गोष्ट सुरू व्हायच्या आधी सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार येऊन पब्लिकला हसवतात, आणि राजाची गोष्ट आपण त्यांच्याच नजरेतून बघायला लागतो. लुकासनं ही युक्ती जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस'वरून घेतली. त्यातही राजकन्येची गोष्ट दोन भांडकुदळ शेतकऱ्यांच्या बाजूनं सांगितलीय. ते दोघं सोंगाडे आहेत असं धरून बघा, तो अर्धा तास भुर्रकन जातो.

दुसरं म्हणजे यातली जहाजं कॉम्प्युटरमधली नाहीत. हातानं बनवलेली छोटी मॉडेल्स आहेत आणि ती खरी वाटावीत म्हणून कॅमेराच त्यांच्याभोवती मोजून-मापून फिरवलाय. लेझरच्या तलवारीचा तो घुम्म आवाज सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा गुणगुणाट एकत्र करून बेन बर्ट या ध्वनिकारानं बनवला. मला हा भाग कोल्हापूरकर म्हणून फार आवडतो. आपल्या बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि त्यावर १९२० ला 'सैरंध्री' काढला. सामान नाही तर बनवू, हा खाक्या दोन्हीकडं तोच.

१९८० चा सिनेमा सगळ्यात चांगला आहे असं बहुतेक चाहते म्हणतात, मीही त्यातलाच. यात योडा भेटतो. दोन फुटांचा हिरवा म्हातारा गुरू, आत हात घालून फ्रँक ऑझ यांनी चालवलेला बाहुला. तो इंग्रजी उलटं बोलतो म्हणून जगभर त्याची नक्कल होते. आपल्याला मात्र ते तेवढं विचित्र वाटत नाही. कारण तो करतो काय, तर बऱ्याचदा क्रियापद वाक्याच्या शेवटाला नेतो. मराठी माणूस जन्मापासून तेच करतोय!

एक सूचना, हा सिनेमा अधांतरी संपतो. रात्री उशिरा सुरू करू नका, आणि करायचाच असेल तर दुसऱ्या दिवशीची रात्र 'रिटर्न ऑफ द जेडाय'साठी मोकळी ठेवा. १९८३ चा तो सिनेमा थोडा पोरकट आहे, त्यात टेडी बेअरसारखे प्राणी लढाया करतात. पण शेवटची वीस मिनिटं त्याला सगळं माफ आहे.

इथं गोष्ट पूर्ण होते. इथं थांबलात तरी तुमचं काही राहिलं नाही. तीन सिनेमे, सहा-सव्वासहा तास.

पुढं जायचंच असेल तर एक, दोन, तीन. पहिला आता कंटाळवाणा वाटणार नाही असं मी म्हणणार नाही. पण आता तो कर, ती संसद, तो गोड हसणारा म्हातारा पुढारी, या सगळ्याकडं तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल. दुसऱ्यातली प्रेमकथा सहन करावी लागते. तिसरा, 'रिव्हेंज ऑफ द सिथ', वसूल आहे.

२०११ ला अमेरिकेतल्या एका चाहत्यानं आणखी एक क्रम सुचवला, तो 'मॅचेटी ऑर्डर' म्हणून गाजला. चार, पाच, मग दोन, तीन आणि शेवटी सहा. एक नंबर चक्क गाळायचा. म्हणजे १९८० चं रहस्य उघडल्यावर दोन सिनेमांचा फ्लॅशबॅक आणि मग शेवट. डोकं लावलंय त्यानं. पण मला विचाराल तर हा दुसऱ्यांदा बघताना करायचा प्रयोग आहे. पाचवा संपल्यावर पुढं काय झालं या ओढीत असलेल्या माणसाला मधेच पाच तास मागं नेणं मला तरी जमणार नाही.

जुना सिनेमा बघवतच नाही, असे लोकही असतात. त्यांच्यासाठी एक खिडकी आहे, 'रोग वन'. २०१६ चा, युद्धपटासारखा, तलवारबाजी जवळजवळ नाहीच. साधी माणसं एका भयंकर हत्याराचा नकाशा चोरायला निघतात. तो जिथं संपतो तिथून अगदी थोड्या वेळात १९७७ चा सिनेमा सुरू होतो, त्यामुळं हा बघून पुढं 'अ न्यू होप' लावला तर गाडी रुळावर येते. त्यातलं मोठं रहस्यही तो फोडत नाही. फक्त एक तोटा आहे. 'रोग वन'च्या शेवटी काळा मुखवटावाला जो धिंगाणा घालतो, त्यानंतर लगेच १९७७ मध्ये तोच माणूस काठीनं टिपऱ्या खेळल्यासारखा लढतो, ते थोडं हास्यास्पद दिसतं.

घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल तर मात्र माझा सगळा सिद्धांत गुंडाळून ठेवा. पोरांना एपिसोड १ मधली रेस आणि तो लांब कानांचा जार जार आवडतो, ज्याला मोठ्या चाहत्यांनी इतक्या शिव्या घातल्या. पोरं कुठूनही सुरू करू शकतात.

सात, आठ, नऊ बद्दल कमीच बोलतो. सातवा मजेशीर आहे, पण पहिल्याचीच नवी आवृत्ती. आठव्यावरून चाहत्यांमध्ये अजून भांडणं चालू आहेत. नववा बघितलात तर कुठलंही रहस्य न फोडता मला एकदा फोन करा, आपण मिळून हळहळू.

ही मालिका भारतात सध्या जिओहॉटस्टारवर आहे. कुठला भाग कुठल्या भाषेत मिळतोय ते सुरू करण्याआधी बघून घ्या. सबटायटल लावायला लाजू नका, आणि ती पिवळी अक्षरं भरभर सरकतात तेव्हा सरळ पॉज करा. जमलं तर मोबाईलवर नको, टीव्हीवर लावा. दोन सूर्यांचा तो मावळतीचा सीन सहा इंचांत मावत नाही.

उरूस आटोपून मी परत आलो. चार-पाच दिवसांनी मध्यरात्री एकला भावाचा मिस्ड कॉल. नंतर आणखी दोन. मी झोपलेलो. सकाळी फोन केला, तर तो कंपनीच्या बसमध्ये.

"पाचवा बघितलास काय?" मी विचारलं.

"व्हय."

"मग? काय वाटलं, सांग की."

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "संध्याकाळी बोलतो दादा. शेजारी बसलाय त्यानं अजून बघितला नाही."